वरातीची घोडी आणि उत्तमचा भार

नवघरच्या उत्तम पाटलाला कुणी वजनावरून छेडलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. माझ्या मैनेनं शेजारच्या इंद्रलोक वसाहतीतले क्विंटलभराचे नवरदेव वाहिलेत, तिथं मी काय चीज! मैना ही त्याची काठेवाडी घोडी, चणीनं लहान, स्वभावानं गरीब. लग्नसराईत ती वरातीत चालायची आणि एरवी उत्तम तिच्यावर बसून लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचा. बाप मिठागरावर राबला आणि आपण घोड्यावर बसलो, याचा त्याला कोण तोरा! आता वरातीत घोडी चालते ती किती? बँडवाले जागोजाग थांबतात, मामा-काका नाचतात, घोडी आपली उभीच. चाळीस किलोमीटर दुडक्या चालीनं पळायचं म्हणजे वेगळीच गोष्ट. पण हे उत्तमला सांगणार कोण?

शर्यतीत मैना एकदाही वेळेत पोचली नाही. अर्ध्या वाटेत ती मान टाकायची आणि उत्तम तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आळशी, कामचुकार, ऐतखाऊ.

गेल्या उन्हाळ्यात ती पुढच्या डाव्या पायावर लंगडायला लागली. घोड्यांच्या डॉक्टर समिधा आल्या. त्यांनी तिला पळवून बघितलं, पाय चाचपला, छातीभोवती फीत धरून वजनाचा अंदाज घेतला. मग उत्तमला खोगीर हातात देऊन शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं. स्वार आणि खोगीर मिळून घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत हवं, तुमचं चौथ्याच्याही वर गेलंय, असं त्यांनी सांगितलं. पाय बरा झाला तरी हलकं माणूस बसवा, नाहीतर ती कायमची जायबंदी होईल.

उत्तमला ते भारी झोंबलं. वजन उतरवतो म्हणाला. पण मे महिना, घरोघरी हळदी. मटणाच्या पंगतीत आग्रह मोडणं आगऱ्याच्या पोराला जमलंय कधी? पावसाळाभरच्या विश्रांतीनं मैनेचा पाय बरा झाला, उत्तमचं पोट मात्र तसंच राहिलं. त्याची बायको वासंती अंगानं काटक. मैनेला रोज सकाळी खाडीलगतच्या खाजणाच्या बांधावरून फिरवून आणायची तीच. ती म्हणाली, "मीच बसते. तुमचा भार तिला झेपत न्हाय."

तो दोन दिवस गाल फुगवून बसला. तरी दिवाळीनंतरच्या शर्यतीला गेला आणि पाण्याची बादली घेऊन शेवटच्या टप्प्यावर उभा राहिला. मैना कान टवकारून आली, वेळेच्या बरीच आधी. शर्यतीनंतर घोड्यांची डॉक्टरी तपासणी होते, तीत तिची नाडी झटकन उतरली आणि पाय सरळ पडला. वासंती म्हणाली की वाटभर हिला आवरता आवरता हात दुखले.

उत्तमला आनंद झाला, पण लाजही वाटली. बादली धरून तो मैनेजवळ गेला तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना.

"इतकी वर्सं मी हिला आळशी म्हनत आलो," तो म्हणाला.

वासंती खोगिराचा पट्टा सोडत होती. "भारबी तिनंच वाह्यला," ती म्हणाली, "आनि शिव्याबी तिनंच खाल्ल्या."