नामदेवमामांची एन्ट्री

शेअर बाजाराच्या ऑफिसात किस्से कधी साठतात सांगू? बाजार हलत नाही तेव्हा! सकाळी सव्वानऊला उघडतो, तासभर धुमाकूळ घालतो आणि मग दुपारपर्यंत स्क्रीनवरची रेघ आडवी पडून राहते. तेवढ्या वेळात माणसं काय करणार? चहा पिणार आणि एकमेकांची खेचणार!

जालना रोडवर दुसऱ्या मजल्यावर आमचं सबब्रोकरचं ऑफिस. मी तिथं लोकांच्या ऑर्डरी टाकायला बसायचो. सलग दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढत सुटलेलं. ऑफिसात सगळ्यांचा प्रश्न एकच, आत्ता घ्यावा की थांबावं? घेण्याच्या या नेमक्या वेळेला आमच्यात एन्ट्री म्हणायचे. सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्याचं सगळं नशीब त्या एन्ट्रीवर.

*

एन्ट्रीचे गुरू म्हणजे पाठक सर. चित्रकलेचे रिटायर्ड शिक्षक. हात इतका सरळ की पट्टी न घेता चार्टवर रेघ मारायचे. पण माऊसनं नाही हं! माऊस त्यांना जमायचा नाही. थेट स्क्रीनच्या काचेवर, मार्करनं!

एके दिवशी सर ओरडले, "हा बघा सपोर्ट! भाव या रेघेवरून तीनदा उलटलाय. घ्या!"

रफिकभाईंनी घेतला. शेअर रेघेला न जुमानता धाडकन खाली. रफिकभाई काचेजवळ नाक नेऊन बघतात तर काय, "सर! ये लाइन तो कल की है! कंपनी भी दुसरी थी!"

आदल्या दिवशीची रेघ पुसायची राहिली होती. सर जराही डगमगले नाहीत.

"रेघ बरोबरच आहे. शेअर चुकीचा आला!"

*

हे रफिकभाई प्लॉटिंगवाले. हर्सूलच्या पुढं माळरानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट विकायचे. गिऱ्हाइकाला सांगायचे, "सबर करो मियाँ, दस साल रुको, फिर देखो!" आणि स्वतः शेअर घेतला की दोन मिनिटांत खुर्चीवरून उठून उभे. "निकालो, निकालो!"

एकदा सरांनी विचारलंच, "अहो, लोकांना दहा वर्षं थांबवता, तुम्हाला दहा मिनिटं थांबवत नाही?"

"सर, प्लॉट का भाव हर मिनट कहाँ दिखता? जिस दिन उसका चार्ट निकला, मेरा धंदा बंद!"

*

माझं काय विचारता! रोज दहा जणांच्या ऑर्डरी टाकून मला वाटायचं, आपल्याला कळायला लागलंय. मी चांगला विचार करून, पूर्ण खात्री पटल्यावर घ्यायचो. माझी खात्री पटेपर्यंत भाव शिखरावर पोचलेला असायचा. मी घेतला की तो उतरायला लागायचा, अगदी माझीच वाट बघत थांबल्यासारखा.

रफिकभाईंनी हे हेरलं. मागून येऊन हळूच विचारायचे, "भाई, तुम लिये क्या?"

"हो, आत्ताच."

"चलो, मेरा बेच दो!"

आणि ती ऑर्डरही मीच टाकायची, माझ्याच हातानं!

*

पाण्याचा किस्सा तर आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ. एकदा साडेदहाला रफिकभाईंना घरून फोन आला, "पानी आया!" हातातले सगळे शेअर विकून गडी हंडे भरायला पळाला. आणि पुढच्या पंधरा मिनिटांत बाजार कोसळला! ऑफिसात एकटेच वाचले ते.

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच झालं. पुन्हा नळ आला, पुन्हा बाजार पडला. मग काय! तिसऱ्या वेळी रफिकभाईंनी पाणी सोडणाऱ्या लाइनमनलाच फोन लावला.

"भाई, आज पानी कितने बजे छोड़ते?"

"क्यों, टाकी भरनी है क्या?"

"नक्को मियाँ, शेअर बेचना है!"

*

आणि मग आले नामदेवमामा. पाचोडकडचे मेंढपाळ. चारा मिळेना म्हणून सगळा कळप विकून शहरात मुलाकडं राहायला आलेले. ते पैसे त्यांनी आमच्याकडं खात्यात भरले आणि मला म्हणाले, "हे मेंढरांचे हायेत बरं का. परत मेंढरंच व्हाय पायजेत."

मला खरंच धास्ती वाटली. पाठक सरांनाही वाटली असावी, कारण मामांना त्यांनी पहिलीच गोष्ट स्टॉपलॉसची शिकवली. "शेअर घेतला की लगेच हा लावायचा. नुकसान हाताबाहेर जायच्या आत तो अडवतो."

"म्हंजी राखण," मामा म्हणाले.

दुसरी गोष्ट शिकवली एन्ट्रीची. "पडत्या भावात हात घालायचा नाही. विकणारे थकले, भाव खाली जायचा थांबला, की मग घ्यायचं."

मामा रोज सव्वानऊला टोपी सारखी करून स्क्रीनसमोर बसायचे. "मामा, घ्यायचा?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून नाय."

एकदा एक शेअर भसकन वर गेला. सर ओरडले, "घ्या मामा!"

"नाय. ह्ये फसवायलंय. पुढचं मेंढरू एकटंच पळालं, मागची जागची हलली नाय."

पाच मिनिटांत शेअर जिथून निघाला तिथं परत! सरांनी त्या दिवशी मामांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला. सरांना ओळखणाऱ्यांनाच कळेल, ही केवढी मोठी गोष्ट!

*

तीन महिने झाले. मामांच्या नावावर एकही ऑर्डर नाही. फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी पाचोडला जाऊन यायचे, तेवढीच दांडी. आणि एके दिवशी शेअर बाजार असा उसळला की जो तो घेत सुटला. नेमके तेव्हाच मामा उठले. "माझे पैशे काढून द्या."

"मामा, आज नाही घ्यायचं तर कधी?" सर कळवळून म्हणाले.

"आज लई गर्दी हाय," म्हणाले आणि खातं रिकामं करून गेले. आम्हाला हळहळ वाटली. एवढा शिकवलेला माणूस घाबरला!

आठ दिवसांनी मामांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. मागं बँ-बँ आणि भुंकण्याचा नुसता कल्ला.

"सर, घेतली एन्ट्री!"

"कुठं?"

"पाचोडच्या बाजारात. लई दिवस बघायलो. आधी टेम्पो भरभरून मेंढरं यायची इकायला. मंग कमी झाली. ह्या बाजाराला सात जणं होते फकस्त. आन् भाव काय खाली जाईना. म्हनलं, इकणारे थकले. घेतला कळप!"

"अहो पण चारा?"

"जायकवाडीचं पाणी मागं हटलंय ना. उघड्या गाळावर गवत आलंय. तिकडंच चाललो."

पाठक सर खुर्चीच्या कडेवर आले. शिक्षकच शेवटी, राहवेना.

"मामा, स्टॉपलॉस लावला ना?"

"लावला की! दोन हायेत. एक काळं, एक तांबडं."