गर्भाईचा दगड

केदारखेड्याजवळच्या मळ्यात रामकिसननं विहीर खोदायला घेतली, ते साल त्र्याऐंशीचं. सुरुंगानं काळा दगड फुटला आणि खाली पांढरट, पापुद्र्यापापुद्र्यानं सुटणारा दगड लागला. तो मलबा वाहून टाकताना त्याची बायको दुर्गाबाई दगडाच्या एका चपट्या कपचीपाशी थबकली. दगडावर तपकिरी ठसा होता. मोठं डोकं, डोळ्यांचे दोन काळे ठिपके, लांब शेपूट आणि शेपटाच्या मुळाशी सुईसारखे दोन बारके पाय.

तिनं त्यावरची माती पदरानं पुसली. तिचं एकही बाळंतपण पुरं झालं नव्हतं. मागच्या चैत्रात पाचव्या महिन्यात पडलेलं सुईणीनं लगेच फडक्यात गुंडाळलं होतं, तरी तिनं ते ओझरतं पाहिलं होतं. कपची पदरात घेऊन ती घरी आली आणि सासूला दाखवून बसली.

"अगं, गर्भ हाय ह्यो," चतुराबाईचे डोळे विस्फारले. "देवीनं धाडला."

दगड विहिरीकाठच्या लिंबाखाली बसला. त्याच आठवड्यात विहिरीला पाणी लागलं, मंग काय विचारता! गर्भाई म्हणून नाव पडलं, शेंदूर लागला, दर मंगळवारी बाया येऊ लागल्या.

जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सुहासिनीबाईंच्या कानावर ही गोष्ट गेली. त्या एसटीनं आल्या. लिंबाखाली तेव्हा दुर्गाबाई एकटीच होती. शेंदराचा हात अजून पातळ होता. बाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"दुर्गाबाई, हे बेडकाचं पिल्लू आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहायचा, मधल्या काळात तळी साचायची. त्यातल्या एका तळ्याच्या गाळात हे दबलं."

"बेडकाचं? मंग ह्याला शेपूट कसं?"

"मोठं होताना शेपूट जिरून जातं. आजच्या डबक्यात बघा, आधी मागचे पाय दिसतात, पुढचे नंतर बाहेर येतात. ह्याचंही तसंच चाललं होतं. म्हणजे बेडकाची घडण तेव्हाही अशीच होती. पण ह्यांचं अंग इतकं मऊ, की मेल्यावर सडून जातं. असं टिकलेलं क्वचितच सापडतं."

"पुरं होऊ दिलं न्हाई म्हना त्याला."

"म्हणून तर आपल्याला कळतं. वाढलेल्या बेडकाच्या हाडांवरून तो कसा घडत गेला ते दिसत नाही. त्याला असं अर्धवट राहिलेलंच लागतं. कुठलं हाड आधी धरलं, कुठलं मागून, सगळं ह्यात आहे."

"म्हंजी ह्ये जगलं असतं, तर कुनाला काईच कळलं नसतं?"

"नसतं कळलं."

दुर्गाबाईला हे बोलणं आवडलं. अर्धवट राहिलेल्याचाही कुणी इतका विचार करतं, हे तिला ठाऊक नव्हतं. बाईंनी दगड मागितला, तेव्हा मात्र नेमकी येऊन ठेपलेली चतुराबाई काठी घेऊन धावली.

पुढच्या वर्षी रामकिसननं पुष्पाबाईला दुसरी बायको म्हणून घरात आणलं. तिला मुलगा झाला, तो गर्भाईच्या नावावर जमा झाला. बारशाच्या दिवशी नैवेद्याचं ताट दुर्गाबाईच्या हाती दिलं. लिंबाखाली जमलेल्या बायांपुढं तिच्या तोंडून निघून गेलं, "गर्भ न्हाई, बेडकाचं पिल्लू हाय त्ये."

"वांझेच्या पोटातली आग," कुणीतरी म्हणालं. बाया हसल्या. त्या संध्याकाळी रामकिसननं तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं. ते परत घरात आलं नाही.

बारा-तेरा वर्षांनी सुहासिनीबाई पुन्हा आल्या. केस पिकले होते. बाहेरच्या देशांत लहानापासून मोठ्यापर्यंत अशा पिल्लांच्या रांगाच्या रांगा मिळाल्यात, त्यावरून बेडकाची वाढ टप्प्याटप्प्यानं जुळवतात, असं त्या सांगत होत्या. इथलं एक तरी नीट पाहायला मिळालं असतं, तर...

"घेऊन जा," दुर्गाबाई म्हणाली. "घरचे भोकरदनच्या बाजाराला गेल्यात."

शेंदराचं कवच बोटभर जाड झालं होतं. दुर्गाबाईनं कडेनं विळ्याचं टोक घातलं.

"थांबा, थांबा!" बाई ओरडल्या, पण हात चालून गेला होता. कवच खपलीसारखं निघालं आणि वर्षानुवर्षं तेल पिऊन भुसभुशीत झालेला पापुद्राही त्याच्याबरोबर आला. खाली कोरा दगड. खपली दुर्गाबाईच्या हातात चुरली. डोळे नाहीत, शेपूट नाही, पाय नाहीत.

बाईंनी मातीतला चुरा रुमालात वेचला, मग तोही तिथंच टाकला. "जरा दम धरायचा होता हो," एवढंच म्हणाल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. त्या परत कधी आल्या नाहीत. दुर्गाबाई विळा धरून तिथंच उभी राहिली. जन्मात एकदा कुणाला काही द्यायला गेली होती, तेही हातातच मोडलं.

चतुराबाई बाजारातून आली. दगड पाहून ना ओरडली, ना रडली. तेलात शेंदूर कालवला आणि कोऱ्या दगडावर जाड थापला.

"कुनाजवळ बोलू नको," म्हणाली. "बोललीस तरी कोन ऐकतंय!"

मंगळवारी बाया आल्या. नारळ फोडायचं काम दुर्गाबाईकडंच होतं. नुकतंच लग्न झालेली एक पोर पुढं आली आणि हळूच विचारू लागली, "मावशी, तुमाला सापडली ना ही? आत कसं दिसतं हो?"

"आत काईच न्हाई," दुर्गाबाई म्हणाली.

पोरीनं डोळे मिटले, कपाळ दगडाला टेकवलं आणि पदर पसरला. दुर्गाबाईनं नारळ फोडला आणि एक कवड तिच्या पदरात घातली.