घाईकाकूंची थकबाकी

एक मार्च. दोन हजार आठशे चाळीस रुपये. खिडकी उघडायच्या आधीच घाईकाकू नोटांची घडी मुठीत धरून उभ्या. सरकारी वसाहतीच्या भाडे कार्यालयात त्यांना सगळे याच नावाने ओळखतात. एकवीस वर्षांत त्यांनी पहिली तारीख चुकवलेली नाही.

त्या मोटारींच्या सीटची कव्हरे शिवायच्या कारखान्यात आहेत. जानेवारीपासून कारखाना आठवड्यातले तीनच दिवस चालू लागला आणि पगार निम्म्यावर आला. मी पावती फाडत असताना त्या म्हणाल्या, "साहेब, अडचणीतल्यांना भाड्यात सवलत मिळते म्हणे. मला पण द्या की."

"मिळते. पण आधी दोन महिन्यांचं भाडं थकायला हवं."

"मी शेजारणीकडून, मुकादमाकडून उसने आणून भरतेय. ही अडचण नाही?"

"कागदावर नाही, काकू. कागदावर तुमचं उत्तम चाललंय."

"म्हणजे भरत राहिले हेच चुकलं?"

नियम करणाऱ्यांचा समज असा, की हात आखडला की माणूस आधी भाडे थांबवतो. आमच्या वसाहतीत उलटे आहे. लोक दूध कमी करतात, दाढदुखी अंगावर काढतात, आणि भाडे भरतात. काकूंना उसने देणारेही आता तोंड चुकवू लागले होते. असेच चालले असते तर पावसाळ्यापर्यंत खोली गेली असती. तेव्हा एप्रिल आणि मे भरायचे नाही, असे त्यांनी ठरवले.

ठरवले खरे. एक एप्रिलला त्या तरीही आल्या आणि समोरच्या भिंतीशी उभ्या राहून इतरांना भाडे भरताना बघत राहिल्या.

"काय काकू, आज रांगेत नाही?" एकाने विचारले.

"आज सुट्टी घेतलीय," त्या म्हणाल्या, आणि तासभर हलल्या नाहीत.

त्यांच्यासोबत त्यांचा थोरला भाऊ राहतो. बस दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला, गुडघे गेलेले. तो मला म्हणाला, "घासलेली भांडी पुन्हा घासते. दार वाजलं की उठून उभी. काल दूधवाल्यालाच विचारलं, बाकी किती निघते?"

मे महिन्यात जिन्याजवळच्या फलकावर थकबाकीदारांचे खोली क्रमांक लागले. त्यात काकूंचा होता. त्या मागच्या जिन्याने जाऊ-येऊ लागल्या.

महिनाअखेरीला त्या अचानक रांगेत दिसल्या. मुलीकडून मागून आणलेले पैसे त्यांनी खिडकीच्या फळीवर ठेवले, पण हात वरून काढला नाही. मागून भाऊ धापा टाकत आला.

"चल घरी."

"दादा, लोक बघतायत."

"बघू देत. फलकावर नंबर वाचलाय, आता तोंड बघतील."

"मला झोप लागत नाही रे."

"मग जागी राहा. पण खोलीत जागी राहा. आज भरलेस तर सवलत गेली, आणि पुढच्या महिन्यात कोणाच्या दारात उभी राहणार आहेस?"

मागचा एक जण म्हणाला, "ओ काकू, भरायचं नसेल तर आम्हाला सोडा पुढे. आम्हालाही बुडायची घाई आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. "साहेब, घेणार का?"

"दिलेत तर घ्यावे लागतील. पावतीही द्यावी लागेल."

पंख्याखाली नोटांच्या कडा फडफडत होत्या. काकूंनी नोटा उचलल्या, पदराखाली धरल्या. "मोजायच्या राहिल्यात," म्हणाल्या, आणि भावाच्या पुढे चालू लागल्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाठता येणार नाही, इतक्या झपाझप.

जूनमध्ये सवलत मंजूर झाली. सहा महिने निम्मे भाडे आणि थकलेले पाच हजार सहाशे ऐंशी दरमहा पाचशेच्या हप्त्याने. खोली राहिली. अकरा हप्ते वेळेवर आले आहेत. एकशे ऐंशी रुपये बाकी आहेत.