उर्फ

लिहिण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, आणि मी कॉलेजात गेलो म्हणून माणसांवर लिहिण्याचा हक्क मला मिळाला असं नाही. त्यात ज्याच्यावर लिहितोय तो माणूस मला आवडत नव्हता. ‘आवडत नव्हता’ हेही सभ्यपणाचं झालं. मी त्याला तुच्छ समजत होतो. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढे मी उगाच गोड बोलायला लागेन आणि तुम्ही ते खरं धराल.

तुमच्यापैकी जे कुणी छावणीजवळच्या टॉकीजमध्ये तीनचा खेळ बघायला येत, त्यांनी त्याला पाहिलं असेल. निदान त्याची बॅटरी तरी पाहिली असेल. अंधारात तिकिटाचा नंबर बघून लोकांना खुर्चीपर्यंत नेणं हे त्याचं काम. कुणी विचारलं, “कोण आहे रे?” की तो बॅटरी हनुवटीखाली धरायचा, उजेड स्वतःच्या तोंडावर पाडायचा आणि आपलं नाव सांगायचा. खालून उजेड पडला की कुणाचंही तोंड भुतासारखं दिसतं. लहान पोरं रडायची. पुढच्या बाकांवरून शिट्ट्या यायच्या. तो मात्र नाव पुरतं सांगून झाल्याशिवाय बॅटरी खाली करत नसे.

मी तिथे तिकिटाच्या खिडकीवर होतो. सकाळी कॉलेज, दुपारी खिडकी. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती, पण आमच्या ऑफिसात अजून जुनीच बोली चालायची. मॅनेजरसाहेब आणि दारावरचे चाचा दखनीत बोलत, मी पुस्तकातल्या मराठीत, आणि हा माणूस दौलताबादकडच्या मेंढपाळांच्या मराठीत. आमचं गावही त्याच बाजूचं. म्हणूनच मला तो जास्त खुपायचा. शहरात येऊन मी मोठ्या कष्टानं ‘लई’चं ‘फार’ केलं होतं आणि हा दिवसभर माझ्या कानाशी ‘लई’ म्हणत बसायचा.

त्याचं जन्मनाव कचरू. आमच्याकडे पोरं जगत नसली की पुढचं पोर उकिरड्यावर लोळवतात आणि कचरू, दगडू असं काहीतरी नाव ठेवतात, म्हणजे मरणाला वाटावं, ही टाकून दिलेली वस्तू, हिला कोण नेतंय. असे कचरू गावोगाव आहेत आणि त्यांचं काही अडत नाही. याचं अडलं होतं. छावणीच्या चर्चमध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि तिथे त्याला नवं नाव मिळालं. तेव्हापासून जुन्या नावानं हाक मारली की तो वळून बघत नसे.

नव्या नावाचे आम्ही जे हाल केले ते ऐका. पोरं त्याला ‘खुरपानंद’ म्हणायची. मॅनेजरसाहेबांनी पहिल्या दिवशी कान पुढे करून विचारलं, “किरपान? वो तो सरदार लोगां रखते ना?” चाचांनी तेच उचललं. बाकी सगळे त्याला सरळ ‘बॅटरी’ म्हणत. मी काहीच म्हणत नसे. “अहो” म्हणायचो, नाहीतर खिडकीची कडी वाजवायचो.

त्याची साक्ष, म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे आलो ती हकीकत, मी इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतही सांगेन. इंटरव्हलला चहाची बशी हातात घेऊन तो सुरू व्हायचा, “म्या अंधारात व्हतो, मास्तर.”

“आत्ताही तिथंच असता की,” मी म्हणायचो. “साडेपाचला बाहेर येता.”

तो हसायचा. विनोद कळला म्हणून नव्हे, कुणीतरी उत्तर दिलं म्हणून. मग पुढचं सगळं ओघानं यायचं. त्याचं पहिलं पोर गेलं, मग बायको गेली. गाव म्हणालं, उकिरड्यावरचा हाय, घर खाणारच. भावानं मेंढरं वाटून घेतली आणि यानं दार लावून घेतलं. भर दिवसा दार बंद, भोकांत चिंध्या कोंबलेल्या आणि आत हा आणि हातभट्टीची बाटली. किती महिने, ते त्यालाच माहीत नव्हतं. शेवटी कुणीतरी बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात आणून टाकलं.

“नर्सबाईनं इचारलं, नाव काय? म्या म्हनलं, कचरू. ती लिहायची थांबली. म्हनली, ह्ये काय नाव हाय व्हय? ह्ये तुला लोकांनी फेकून मारलेलं हाय. देवाला तुझं नाव ठावं हाय, आपन त्याला इचारू.” इथे तो दर वेळी थांबायचा. “मास्तर, मला तवर कुनी इचारलंच नव्हतं.”

मला हे सगळं नाटकी वाटायचं. आमच्या गावात त्याच्याबद्दल बोलत की मिशनच्या फुकट दुधाच्या पावडरीसाठी बाटला. मी कॉलेजात शिकलो होतो म्हणून तसं तोंडानं बोललो नाही, मनात म्हणालो. नाव बदलून कुणी बदलतो का? पॅन्टला तेच ठिगळ, बोटांना तोच मेंढरांचा वास, आणि हा म्हणतो मी नवा माणूस झालो. आम्हाला वर्गात तर्कशास्त्र होतं. मी त्याला एकदा सिलॉजिझम समजावून सांगितला होता. त्यानं मान डोलावून पूर्ण ऐकला आणि म्हणाला, “लई चांगलं हाय. तुमाला बी कुनी हाक मारली का?”

मग मस्टरचा प्रश्न निघाला. नवं नाव कळेना म्हणून मॅनेजरसाहेबांनी मस्टरवर कचरूच चढवलं होतं. पगाराच्या दिवशी मस्टरवर आपापल्या नावापुढे अंगठा द्यायचा असे. त्यानं दिला नाही. म्हणाला, हे नाव माझं नाही. पुढच्या महिन्यातही दिला नाही. मॅनेजरसाहेब आधी हसले, मग चिडले. “देखो मियाँ, मस्टर में जो नाम है वोइच आदमी मेरा नौकर है. तुम कोई और है तो घर जाव.”

दोन महिने बिनपगारी हा माणूस लोकांना खुर्च्या दाखवत होता. चाचा त्याला भाकरी आणून देत. मला त्याचं नवल वाटलं नाही, राग आला. ज्याला कुणी विचारत नाही असा माणूस एका शब्दावर अडून बसतो, ही मला निव्वळ मिजास वाटली.

शेवटी मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं. “अर्जी लिखो. नया नाम, उर्फ कचरू. मेरा मस्टर बी साफ, उसका बी काम हो गया.” मी बाहेर येऊन त्याला सांगितलं.

“उर्फ नगं,” तो म्हणाला.

“का? नुसता शब्द आहे तो.”

“उर्फ चोराला असतंय, मास्तर. आमच्या चुलत्याला पोलीस पाटलाच्या कागदात व्हतं. अमका उर्फ तमका. म्हंजी ह्यो मानूस कुटला खरा ते कुनालाच ठावं न्हाय.” मग आवाज बारीक करून म्हणाला, “म्या एकच हाय. तेवडंच लिवा. न्हायतर जातो म्या, पर ते लिवू नगा.”

मी अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, समासबिमास सोडून. आणि त्यात उर्फ लिहिलं. मग त्याला वाचून दाखवला. तो शब्द आणि त्याच्या पुढचा शब्द सोडून बाकी सगळा वाचला. त्यानं डोळे मिटून ऐकला, शर्टाला पुसून अंगठा दिला आणि म्हणाला, “अजून एक कापी करा. मला ठिवायची हाय.”

दुसरी प्रत करताना ते दोन शब्द सहज गाळता आले असते. ऑफिसला त्या प्रतीशी काही घेणंदेणं नव्हतं. मी जसंच्या तसं उतरवलं. मला वाटलं, याला कुठे वाचता येतंय.

पगार सुरू झाला. ती प्रत तो घडी करून खिशात ठेवायचा आणि लोकांना दाखवायचा. आमच्यात वाचणारे थोडे, आणि जे वाचत ते पोस्टरवरचं तेवढंच. एकानं वाचली असावी, कारण तो माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

पुढे त्याला शिकायचं खूळ लागलं. खेळ सुरू झाल्यावर बाहेर पोस्टरसमोर उभा राहायचा आणि हवेत बोट फिरवायचा. मला म्हणाला, “अक्षरं सांगा.” मी म्हणालो, “माझी परीक्षा आहे. तुमच्या चर्चच्या पाळकांना विचारा.” त्यानं खरोखर विचारलं असावं. काही महिन्यांनी तो खिडकीशी आला. तिकिटांची रांग नव्हती.

“मास्तर, अक्षराच्या डोक्यावर ह्यो इळ्यासारका आकडा बसतोय, त्येला काय म्हनत्यात?”

“रफार.”

“वाचायचा कसा?”

“र म्हणून. ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी.”

“आदी र,” तो म्हणाला. “मग खालचं.” एक हात खिशावर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यानं हवेत काहीतरी लिहिलं. मी विचारलं, “आणखी काही?” तो म्हणाला, “न्हाय. चहा सांगू का तुमाला?” आणि चहा घेऊन आला. त्या दिवशी त्यानं साक्ष दिली नाही. मला बरं वाटलं, इंटरव्हल शांततेत गेला.

त्यानंतरही तो मला मास्तरच म्हणत राहिला, रोज, त्याच आवाजात. कागद मात्र त्यानं कुणाला दाखवलेला मी पुन्हा पाहिला नाही. परीक्षा जवळ आली तशी मी खिडकी सोडली. निघताना तो दारापर्यंत आला. भर दुपारी ऊन असताना बॅटरी पेटवून माझ्या पायांपुढे धरली आणि म्हणाला, “बगून जावा.” लोक बघत होते. मला लाज वाटली. मी मागे वळलो नाही.

आठ-नऊ महिन्यांनी शहागंजात चाचा भेटले. हातात भाजीची पिशवी होती. मी टॉकीजची चौकशी केली, सगळ्यांची केली, आणि शेवटी त्याची केली, तीही बोलायला काही उरलं नाही म्हणून.

“तुमकू मालूम नै, मास्तर?” चाचांनी पिशवी खाली ठेवली. “उन्हाळे में गया वो. तीन दिन का बुखार. छावनी के कबरस्तान में सुलाए. मैं था.”

“आणि त्याचं सामान?” मी विचारलं.

“पेटी में क्या निकला? बॅटरी, एक कमीज, और तुमारे हाथ की अर्जी. सलीब पे, वो कबर के क्रूस पे, नाम लिखना था तो पादरीसाब ने वोइच खोली. दो लफ्ज पे लकीर मारेली थी. गुस्से में मारते वैसी नै. पट्टी रख के, सीधी. और नीचे उसने अपने हाथ से नाम लिखेला था, बच्चे के माफिक, बड़ा बड़ा. पादरीसाब पूछे, किसने काटा? मैं बोला, उसीने काटा होयेंगा, और कौन काटता?” चाचांनी पिशवी उचलली. “हम तो किरपान किरपान करते रै गए. मेरे मूँ से तो वो नाम अबी बी नै निकलता. तुम बोलो, क्या था?”

रस्त्यावर गर्दी होती. मी ते नाव दोनदा लिहिलं होतं, पण त्या नावानं हाक एकदाही मारली नव्हती.

“कृपानंद,” मी म्हणालो.

“हां,” चाचा म्हणाले. “वोइच.”