दुपारी दोनची मालिका

वाशीमहून हिंगोलीला परतताना मी दर आठवड्याला संध्याकाळी सात वाजता कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावर चहाला थांबतो. तिथं भाकरी करणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. सातला टीव्हीवर कॉलेजच्या पोरापोरींची मालिका लागली, की त्यांचा हात परातीतच थांबायचा. ट्रकवाले ओरडले तरी भाकरी थापली जायची नाही. मालिका इतकी जुनी, की नायकाचं पोट सुटलं, पण तो काही पास होईना.

भाग संपताच बाई पिठाच्या हातानंच वसमतला दिलेल्या लेकीला फोन लावायच्या. लेकीच्या सासरी उगाच कसा फोन करावा, मालिकेचं निमित्त बरं, असं त्या म्हणायच्या. लेक मात्र दोन मिनिटांत फोन ठेवायची.

पुढे प्रेक्षक घटले आणि वाहिनीनं मालिका दुपारी दोनला ढकलली. मला बाईंचीच काळजी लागली.

त्या आठवड्यात गेलो, तर सातला टीव्ही बंद आणि भाकऱ्या भराभर तव्यावरून उतरत होत्या. मी चाचरत म्हणालो, "मावशी, तुमची मालिका गेली की."

"गेली कुठं? दोनला लागून राहिली ना! लई बरं झालं, भाऊ. सातला तिकडं सैपाकाची घाई अन् सासू पुढ्यात. दोनला सासू झोपलेली असती." त्यांनी भाकरी उलटली. "पोरगी आता कुजबुजत न्हाई. काल फोनवर खदखदून हसली. लग्नानंतर पयल्यांदा."