तीन बाटल्या आणि गोटीरामांची जीभ

नेरूळच्या गोटीरामांनी सव्वीस वर्षे जहाजावर बटलर म्हणून सेवा केली. त्यांची जीभ म्हणजे परमेश्वराने स्वहस्ते घडवलेला तराजू! मीठ कणभर अधिक पडले, तर समुद्रावर आचारी आणि घरी पत्नी रखमाबाई, कुणाचीही सुटका नसे. पण शहाऐंशी साली विषमज्वर आला, आणि जाताना जिभेची चवच घेऊन गेला. वर्षभर गोटीराम पुढ्यात येईल ते मुकाट जेवत. "बरं झालंय," एवढेच म्हणत. आयुष्यभर टोमणे ऐकलेली ती माउली त्या दोन शब्दांनी कासावीस होई.

निवृत्तीच्या वेळी कप्तानाने त्यांना तीन बाटल्या दिल्या होत्या. एकाच मळ्यातली, सिरा जातीच्या काळ्या द्राक्षांची तांबडी वाइन. बहात्तर, सत्याहत्तर आणि ब्याऐंशी सालची. तांदळाच्या कोठीत त्या आडव्या निजल्या होत्या. दसरा झाल्यावर एका रविवारी गोटीरामांनी निश्चय केला: तिन्ही चाखायच्या. भेद कळला तर रसना परत आली. न कळला तर आशा सोडायची.

कोठी उघडली, आणि पाहतात तो काय! बाटल्या लख्ख, पण एकीवरही साल लिहिलेला कागद नाही.

"अगो, सालं कुठं गेली?"

"दसऱ्याला घरातलं भांडं न् भांडं घासलं. यांनीच काय पाप केलं व्हतं? राख न् चिंच लावून घासल्या!"

शेजारचे झहूरभाई जहाजावरचे जुने सोबती. रोज याच घरी जेवणारे, पण वाइनला ओठ न लावणारे. ते पोट धरून हसले. "घाबरू नको गोट्या, बुचावर पन साल छापलेलं असतं. तू चाख, मी न्यायाधीश!" त्यांनी तीन पेले भरले आणि प्रत्येक पेल्यामागे त्याचे बूच वाटीखाली झाकले.

गोटीरामांनी पहिला घोट घेतला. पाणी. दुसरा, तिसरा, तेही पाणीच. चेहरा उतरला. "तिनी सारकीच."

"मसाला भाजताना कोन चाखतो?" रखमाबाई पुढे सरसावल्या. "आदी नाकानं बगा!" त्यांनी एकेक पेला हुंगला. "डाव्यात मिरी आताच कुटलेली, हा पोर. मधला जरा निवलाय. उजव्याला जुन्या पेटीचा वास; हा आजा."

जपमाळ ओढावी तशा एकाग्रतेने गोटीरामांनी डावा पेला हुंगला, मग घोट घेतला, मग डोळे मिटले. आणि जिभेच्या कडेला, वर्षाच्या वनवासानंतर, एक बारीक चुणचुण उठली!

"मिरी! रखमे, मिरी लागली!"

झहूरभाईंनी वाट्या उचलल्या. ब्याऐंशी, सत्याहत्तर, बहात्तर. "वहिनी जिंकली! गोट्या, तू हरलास!"

हरलेल्या गोटीरामांना भान कुठले! त्यांनी ताटलीतला तळलेला बोंबील उचलला, चावला, आणि कपाळाला आठी घातली. "रखमे, मीठ किती हे!"

रखमाबाईंनी पदराने डोळे टिपले. "वर्सभर मुद्दाम जास्त घालतंय, कवा बोलाल म्हनून!"

"या अल्ला," झहूरभाई म्हणाले, "आनि वर्सभर मी ते गुमान खातोय!"