मी औषध म्हणाले, त्यांनी विष ऐकलं

पाण्याच्या ड्रमपाशी मला खाली पाडलं. दोघींनी हात दाबून धरले. मुकादमाची बायको माझ्या छातीवर बसली आणि तिनं माझ्या तोंडात बोटं घातली. पार घशापर्यंत. त्या बोटांना कोवळ्या द्राक्षांचा आंबूस वास येत होता.

"ओक! ओक म्हणते ना!" ती किंचाळत होती. "पळा रं, हिनं औषध घेतलं!"

मी औषधच घेतलं होतं. सकाळची गोळी. नाशिकच्या सरकारी दवाखान्यातून मिळालेली. मुकादमीण मागून आली आणि म्हणाली, "काय टाकलंस गं तोंडात?" मी बोलून गेले, "औषध." द्राक्षाच्या बागेत औषध म्हणजे फवारायचं. बाईनं औषध घेतलं म्हणजे बाई मेली. हे माझ्या ध्यानात येईपर्यंत मी मातीत पडले होते.

मला बोलता येत नव्हतं. मिठाचं पाणी तोंडात ओतत होते. काम थांबलं. ओळीओळीतून गडी पळत आले. माझं लुगडं गुडघ्याच्या वर गेलं होतं आणि मी सगळ्यांसमोर ओकत होते. माझा नवरा त्या गर्दीत उभा होता. त्याला माहीत होतं ती कसली गोळी आहे. कुणाला सांगू नको, असं त्यानंच मला बजावलं होतं. तो उभाच राहिला.

मग मालकीण आली. आम्ही तिला काकू म्हणायचो. तिनं माझ्या पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट काढलं, लांब धरून वाचलं.

"अगं, विष नाय हे," ती म्हणाली. "येड्याची गोळी हाय."

आधी एक जण हसला. मग सगळे. आत्ता माझा जीव वाचवायला धावलेलीच माणसं.

"अशा गोळ्या खाऊन माझ्या बागेत काही झालं, तर पोलीस मला विचारणार," काकू म्हणाली. "तुम्हां डोंगरातल्यांना आपला भगतच बरा." आणि तिनं अख्खं पाकीट पाणी तापवायच्या चुलीत टाकलं. पंधरा दिवसांच्या गोळ्या होत्या.

मी तोंड पुसलं आणि कामाला लागले. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. ते मला अजून लागतं.

मी पेठकडची, डोंगरातली. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले. भात-नागली घरात आली की आमची मजुरांची टोळी दिंडोरीच्या बाजूला उतरते, द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत. बागेच्या कडेला ताडपत्रीची खोपटं टाकायची आणि राहायचं. टोळीत जोडी लागते, नवरा-बायको. एकट्या गड्याला कुणी घेत नाही. म्हणून मला आणलं होतं. नाहीतर माझं तोंडही कुणाला बघायचं नव्हतं.

कारण आदल्या हंगामात त्याच बागेत मला वेड लागलं होतं.

माझी पोर तेव्हा झाली. तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाले आणि तिसऱ्या दिवशी खोपटात परत आले. झोप लागेना. पोर झोपली तरी मला झोप नाही. सासू म्हणाली, होतं बाळंतिणीला असं. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. मला थकवाही वाटेना. डोक्यात कुणीतरी भरभर चालल्यासारखं व्हायचं.

मग फवारणीचा ट्रॅक्टर आला. मोठा पंखा असतो त्याच्या मागं, धूर सोडावा तसं औषध सोडतो. तो वास माझ्या अंगात शिरला आणि बाहेरच पडेना. मला कळून चुकलं की ते औषध माझ्या दुधात उतरलंय. वाटलं म्हणत नाही. कळलं. हे आपले हात आहेत हे जसं कळतं, तसं. मी पोरीला पाजायचं सोडलं. ती रडून निळी व्हायची आणि मी म्हणायचे, बघा, विष चढलंय.

पुढचं मला आजही चटकन सांगता येत नाही. मी पोरीला उचललं आणि शेततळ्याकडं निघाले. तिला धुवायला. आतलं विष धुऊन निघेल म्हणून. शेततळ्याला प्लॅस्टिक असतं. उतारावर पाय ठेवला की माणूस थेट पाण्यात जातं, वर यायला धरायला काही नसतं. मी उतारावर एक पाय ठेवला होता. माझ्या जावेनं मागून केस धरून मला ओढलं. पोर माझ्या हातात होती. दहा दिवसांची.

मला पोरीला मारायचं नव्हतं. मी तिला वाचवायला चालले होते. ही गोष्ट मी कुणालाही पटवू शकत नाही, आणि माझ्याही मनातून ती जात नाही.

काकूचा नवरा, आमचा शेठ, म्हणाला, पोलिसाचं लफडं नको. ठिबकच्या नळ्या आणि औषधाचे रिकामे डबे ठेवायची एक पत्र्याची खोली होती. त्यात मला दोन दिवस कोंडलं. ज्या वासानं मी वेडी झाले होते त्याच वासात. शेठच्या पोरानं फटीतून माझं मोबाइलवर शूटिंग घेतलं. ते कुणाकुणाकडं गेलं, मला माहीत नाही. अजूनही अनोळखी माणूस माझ्याकडं जास्त वेळ बघत राहिला की मी तोंड फिरवते. यानं पाहिलं असेल का?

मग सुतळीनं हात बांधून मला पिकअपमध्ये घातलं आणि माहेरी टाकलं. पोर सासूनं ठेवून घेतली.

बा मला आधी भगताकडंच घेऊन गेला. हे मी लपवत नाही. भगत म्हातारा. त्यानं तांदूळ मांडले, माझ्याकडं पाहिलं आणि बाला विचारलं, "किती रात्री झोपली नाय?"

"आठ-नऊ."

त्यानं तांदूळ गोळा केले. "हे माझ्याकडचं नाय. ओल्या बाळंतिणीचं डोकं फिरलंय. नाशिकला ने. उशीर नको लावू."

काकू ज्याच्यावरून मला हिणवत होती, तो भगत असं म्हणाला. आणि ग्रॅज्युएट काकूनं माझ्या गोळ्या जाळल्या.

नाशिकच्या दवाखान्यात मी तीन आठवडे होते. बा जिन्याखाली झोपायचा. तिथली डॉक्टरीण वयानं माझ्याएवढीच. मी जरा भानावर आल्यावर ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "हा आजार आहे. बाळंतपणानंतर काही बायकांना होतो. बरा होतो. पण गोळ्या मनानं सोडायच्या नाहीत. आणि झोप उडाली, तर पहिल्याच दिवशी यायचं. वाट बघायची नाही."

मी विचारलं, "पोरीला हात लावू का?"

ती म्हणाली, "लावायचाच आहे. घाई नको."

पण पोर होती कुठं? तिचं बारसं माझ्याविना झालं. नाव काय ठेवलं ते मला महिन्यानं कळलं. दिवाळीनंतर सासरच्यांनी मला परत नेलं, ते जोडीसाठी. अट होती. पोर सासूकडंच राहील. आणि बागेत माझ्या हातात कात्री द्यायची नाही. बाकीच्या बाया घड विरळायच्या. मी त्यांच्या पायाशी पडलेले मणी गोळा करायचे. माझी अकरा महिन्यांची पोर बांधावर सासूच्या मांडीवर दिसायची. मी जवळ गेले की सासू पदर ओढून घ्यायची.

हे सगळं मी सोसत होते, कारण रोज गोळी घेत होते आणि रोज झोप लागत होती. तेवढंच माझ्या हातात होतं. तेच त्यांनी चुलीत घातलं.

पहिल्या रात्री झोप आली नाही. मी स्वतःला समजावलं, घसा दुखतोय म्हणून असेल. दुसऱ्या रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशी पिठाला फवारणीचा वास यायला लागला. भाकरीला. पाण्याला. वेलीखाली वाकून मणी वेचत होते, ट्रॅक्टर शेडमध्ये बंद उभा होता आणि मला त्याचा पंखा ऐकू येत होता. मी जावेला विचारलं, "आज फवारणी आहे का?" ती म्हणाली, "नाय. का गं?" मी म्हणाले, काही नाही.

तसली भीती मी कधी अनुभवली नव्हती. पहिल्या वेळी मला कळतच नव्हतं. या वेळी कळत होतं. ज्या रस्त्यानं मी तळ्यावर गेले होते तोच रस्ता मला समोर दिसत होता, आणि माझे पाय त्यावर पडायला लागले होते. बायांच्या हातातल्या कात्र्या मला मोठ्या दिसत होत्या. बांधावर पोर रडली आणि मी दोन्ही हात लुगड्यात गुंडाळून घेतले.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "उद्या कंपनीची माणसं बाग बघायला येणारेत. परवा बघू."

माल परदेशी जातो, म्हणून कंपनीवाले येऊन बघतात. कामगारांना संडास आहे का, औषधपेटी आहे का, लहान पोरं कामावर नाहीत ना. तिसऱ्या दिवशी सकाळपासून काकूची धावपळ चालली होती. नवी औषधपेटी भिंतीवर टांगली. पोरांना मारुतीच्या देवळात पाठवायचं ठरलं. मग तिची नजर माझ्याकडं गेली.

"हिला नळ्यांच्या खोलीत बसव रे," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली. "पाहुणे जाईस्तोवर. ध्यान बघ तिचं."

नवऱ्यानं माझा हात धरला. मीही चालले. खरंच चालले. खोलीपर्यंत गेले. त्यानं दार उघडलं आणि आतून तो वास आला. मी चौकट धरली.

"नाही," मी म्हणाले.

"चल गं. दोन तासांचं काम."

"नाही. या खोलीत मी जाणार नाही."

आवाज चिरका निघाला. सगळे वळून बघायला लागले.

काकू म्हणाली, "आवाज खाली. गाडी येईल आता."

"येऊ दे," मी म्हणाले. "मागल्या साली मला वेड लागलं होतं. मी पोर तळ्यावर नेली होती. माझ्या पाठीमागं सगळ्या बोलता, आज मी तोंडावर सांगते. तो आजार होता. गोळ्यांनी मी बरी झाले. तुम्ही गोळ्या जाळल्या. दोन रात्री मला झोप नाही. तो आजार परत येतोय, मला कळतंय. मी नाशिकला जाणार."

मुकादम म्हणाला, "पाहुणे गेल्यावर जा की. एका दिवसानं काय मरतेस?"

"मरेन. नाहीतर मारेन. म्हणून जाते."

कुणी हसलं नाही.

सासू पोरीला घेऊन देवळाकडं निघाली होती, ती थांबली. मी तिच्यापासून चार हात लांब उभी राहिले. "आई, पोर धरून ठेवा. आज माझ्याकडं देऊ नका. आज मीच सांगते. पण मी औषध घेऊन परत येईन, तेव्हा तिला माझ्या हातात द्यायची. तेव्हा मी तुमचं ऐकणार नाही."

"गेलीस तर सगळी टोळी घेऊन जा!" काकू ओरडली.

मुकादमीण रडायला लागली. "आमच्या पोटावर पाय देऊन जाणार व्हय गं?"

मी गेले. नवरा मागून आला नाही. डांबरीपर्यंत चालले, एसटी धरली. कंडक्टर बाई होती. मी तिला सांगितलं, "ताई, मला मानसिक आजार आहे. मी मध्येच काही बडबडले तर घाबरू नका. मला नाशिकला सीबीएस स्टँडवर उतरवा." परक्या माणसाला हे मी पहिल्यांदा सांगत होते. तिनं मला खालीवर पाहिलं. "बस इथं पुढं," म्हणाली आणि तिकीट फाडलं.

बा गावाहून आला. पाच दिवस दवाखान्यात राहिले. झोप परत आली.

नवव्या दिवशी मी बागेत गेले. टोळी तिथंच होती. विरळणी अर्ध्यावर होती, शेठ कुणाला काढतो? आमची जोडी तेवढी काढली होती. मी सासूपुढं हात केले. तिनं मुकादमाकडं पाहिलं. मुकादमानं शेठकडं पाहिलं. मी पोर उचलली.

ती मला ओळखत नव्हती. कडेवर तिनं अंग ताठ केलं आणि रडायला लागली. एसटीत पेठचा घाट संपेपर्यंत रडत होती. नवरा गाठोडं घेऊन शेजारच्या सीटवर बसला होता. मी त्याला विचारलं, "त्या दिवशी ड्रमपाशी का बोलला नाहीस?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"तुझी."

त्यानं खोटं सांगितलं नाही, एवढंच.

आता पोर चार वर्षांची आहे. मी सहा महिन्यांची पोटुशी आहे. डॉक्टरणीनं स्पष्ट सांगितलंय, पुन्हा होऊ शकतं. मी खूप घाबरते. टाकीवर पाणी भरताना घाबरते. एखाद्या रात्री मध्येच जाग आली तर घाबरते. पोटात बाळ हललं की आधी आनंद होतो आणि लगेच तळ्याचा उतार दिसतो.

म्हणून मागच्या रविवारी मी घरासमोर अंगणात सगळ्यांना बसवलं. सासू, नवरा, जाऊ, शेजारच्या बाया, गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई. माहेरून बालाही बोलावलं. उभी राहून सांगितलं, "बाळंतपणानंतर दोन रात्री मला झोप लागली नाही, तर तिसऱ्या सकाळी मला नाशिकला न्यायचं. मी नको म्हणाले तरी न्यायचं. पोर माझ्या समोर ठेवायची, पण एकटीच्या हातात द्यायची नाही. मला बांधायचं नाही. कोंडायचं नाही. जो बांधेल, त्याचं नाव मी पोलिसात देईन. सासू असली तरी. नवरा असला तरी."

नवरा खाली बघत होता. आशाताईनं लिहून घेतलं.

सासू म्हणाली, "पुरे झालं. चार माणसांत असलं सांगतात व्हय?"

रस्त्यानं जाणारी दोन-तीन माणसं थांबली होती. मी त्यांनाही आत बोलावलं, बसायला जागा करून दिली, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.